कथाप्रधान गेममधील मृत्यू : आधी कोणता गेम घ्यावा?

वर्षाकाठी एखादाच मोठा गेम विकत घेणे परवडते, कॉलेज किंवा नोकरी सांभाळून रात्रीचे दोन तास हाती लागतात आणि मित्रमंडळी तर सांगत असतात की अमुक गेम खेळताना डोळ्यांत पाणी आले. अशा सांगली-मिरजेकडील खेळाडूपुढे बहुधा तीन नावे येतात : ‘रेड डेड रिडेम्प्शन २’, ‘द लास्ट ऑफ अस’चे दोन भाग आणि ‘द वॉकिंग डेड’. ज्याला बंदुका नकोत, त्याला ‘ब्रदर्स’ किंवा ‘स्पिरिटफेअरर’ सुचवले जातात. या सर्वांत जीव लावलेले पात्र मरते आणि ते कोण, कसे, हे पुढे उघड सांगितले आहे. ते झाकून ठेवून तुलना होऊ शकत नाही. ‘द लास्ट ऑफ अस’चा दुसरा भाग कोऱ्या मनाने खेळायचा असेल, तर वाचन येथेच थांबवावे. बाकीच्या गेमांचे कथानक आधी कळल्याने माझ्या मते फारसे बिघडत नाही.

तुलनेसाठी कसोटी एकच धरली आहे. नाटकात पात्र मरते तेव्हा प्रेक्षक खुर्चीत बसलेला असतो. गेममध्ये मात्र ते पात्र तासन्‌तास आपल्याच बोटांनी चाललेले, भांडलेले, जेवलेले असते. त्यामुळे दृश्य किती करुण आहे आणि मागे संगीत कोणते वाजते, यापेक्षा त्या मृत्यूच्या आधी व नंतर खेळाडूच्या हातांना कोणते काम उरते, यावर परिणामाची खोली ठरते. १९९७ च्या ‘फायनल फँटसी ७’मधील एरिथ या सोबतिणीचा मृत्यू आजही आठवला जातो, तोही याच कारणाने. लढाईत पडलेल्या सोबत्याला उठवणारी वस्तू झोळीत असूनही ती येथे वापरता येत नाही, आणि एरिथवर घेतलेली सारी मेहनत तिच्याबरोबर जाते.

२०१८ मध्ये आलेल्या ‘रेड डेड रिडेम्प्शन २’मध्ये मृत्यू फार आधी पेरलेला आहे. १८९९ सालच्या अमेरिकेत दरोडेखोरांच्या टोळीसाठी कर्जवसुली करणारा आर्थर मॉर्गन एका आजारी ऋणकोला मारहाण करतो, तो माणूस त्याच्या तोंडावर खोकतो आणि खेळाडू ते विसरून पुढे जातो. ही मारहाण आपणच कळ दाबून केलेली असते. पुष्कळ तासांनंतर आर्थर शहरातल्या रस्त्यावर कोसळतो आणि डॉक्टर क्षयाचे निदान करून विश्रांती घ्यायला व उबदार, कोरड्या हवेत जायला सांगतात. मिरजेजवळच्या वानलेसवाडीच्या क्षयरोग आरोग्यधामाच्या गोष्टी घरातल्या वडीलधाऱ्यांकडून ऐकलेल्या वाचकाला हा सल्ला ओळखीचा वाटेल. क्षयाचे जंतू १८८२ मध्ये सापडले असले, तरी स्ट्रेप्टोमायसिन हे त्यावरचे प्रभावी औषध सापडायला १९४३ साल उजाडावे लागले. तोवर मोकळी हवा, विश्रांती आणि सकस आहार हाच मुख्य उपचार होता.

निदानानंतरचा भाग या गेमचे खरे बळ आहे. तोवर खेळाडूने आर्थरला शिकार करून, शिजवून खाऊ घातलेले असते. आता खाल्लेले अंगी लागत नाही, गाल बसतात, डोळे लाल होतात. तरीही दिवस उरलेले असतात आणि त्या दिवसांत कोणाला मदत करायची, कोणाचे देणे फेडायचे, हे आपल्या हाती असते. त्या निवडींवर त्याचा शेवट बदलतो. मरण मात्र टळत नाही. शेवटच्या पाठलागात, आपण खरारा करून आणि चारा घालून वाढवलेला घोडा गोळी लागून पडतो आणि जीव वाचवण्याची घाई असतानाही आर्थर क्षणभर खाली बसून त्याचे आभार मानतो. अनेकांना आर्थरपेक्षा या घोड्याचे मरण जास्त मनाला लागते आणि त्यात नवल वाटण्यासारखे काही नाही. पुढचा उपसंहार टोळीतला सोबती जॉन मार्स्टनच्या रूपाने, आर्थरचीच वही जवळ बाळगून, बराच वेळ खेळावा लागतो. काहींना तो रटाळ वाटतो. मला तो आवश्यक वाटतो, कारण माणूस गेल्यावर उरलेल्यांना कुंपण घालण्यासारखी रोजची कामे करावी लागतातच.

‘द लास्ट ऑफ अस’ नेमकी उलटी वाट धरतो. २०१३ च्या पहिल्या भागात आपण सुरुवातीला लहानग्या साराला घरात फिरवतो, नंतर तिला उचलून धावणाऱ्या तिच्या बापाचे, जोएलचे, नियंत्रण आपल्याकडे येते. हात गुंतलेले असल्याने प्रतिकार करता येत नाही आणि शिपायाची गोळी लागून ती जाते. हे सारे प्रस्तावनेतच आटोपते. २०२० च्या दुसऱ्या भागात खुद्द जोएल पहिल्या काही तासांत मारला जातो, आणि पुढे जवळजवळ अर्धा गेम त्याला मारणाऱ्या ॲबीच्या बाजूने खेळावा लागतो. या सक्तीचा राग येऊन गेम सोडणारे बरेच आहेत. माझे मत असे की हा राग हाच गेमचा विषय आहे, पण तो पैसे देऊन पत्करायचा की नाही, हे ज्याचे त्याने ठरवावे. एक बारीक गोष्ट मात्र इतरत्र सापडत नाही : जोएलने मुलीसारखी सांभाळलेली एली त्याने शिकवलेली गिटार वाजवते तेव्हा तारा आपणच छेडतो, आणि शेवटी दोन बोटे गमावल्यावर तीच हालचाल करूनही सूर पुरे लागत नाहीत.

‘द वॉकिंग डेड’ (२०१२) दिसायला साधा, जुन्या संगणकावरही चालणारा आणि पाच भागांत विभागलेला आहे. येथे बोटांपेक्षा बोलण्याला काम आहे : उत्तर निवडण्याची मुदत सरकत्या पट्टीने संपत जाते आणि गप्प राहणे हेही उत्तर धरले जाते. चौथ्या भागाच्या शेवटी ली या नायकाला, म्हणजे आपण ज्याच्या रूपाने खेळतो त्याला, चालत्या प्रेताचा जीवघेणा चावा बसतो; पाचव्यात हात कापला तरी निकाल तोच राहतो. त्याने सांभाळलेल्या आठ-नऊ वर्षांच्या क्लेमेंटाइनला शेवटचे काय सांगायचे आणि तिने आपल्याला गोळी घालायची की तसेच सोडून जायचे, हे ली म्हणून आपणच ठरवतो. ज्याचे इंग्रजी वाचन हळू आहे त्याची मात्र त्या पट्टीमुळे ओढाताण होते. शोक करायला फुरसत मिळत नाही.

भाषेची ही अडचण ‘ब्रदर्स’मध्ये मुळीच नाही, कारण त्यातील माणसे एक बनावट बोली बोलतात आणि अर्थ हावभावांतून कळतो. २०१३ चा हा गेम तीन-चार तासांत संपतो. आजारी वडिलांसाठी औषध आणायला दोघे भाऊ निघतात. कंट्रोलरची डावी बाजू थोरल्याची, उजवी धाकट्याची. आई बुडून गेल्यामुळे धाकटा पाण्याला भितो आणि प्रत्येक वेळी थोरल्याच्या पाठीवर बसून पार होतो. थोरला गेल्यावर त्याला खड्ड्यात ओढून वर माती लोटण्याचे काम खेळाडूलाच करावे लागते, आणि डावा हात रिकामा पडतो. परतीच्या वाटेवर पाणी आडवे येते. धाकट्याची कळ दाबून काही होत नाही. थोरल्याची कळ दाबली की तो पोहू लागतो. वर उल्लेखलेल्या कसोटीला यापेक्षा चोख उतरणारे दुसरे उदाहरण मला माहीत नाही. २०१९ चा महापूर अंगावर घेतलेल्या घरातल्या खेळाडूने मात्र पाण्याचे हे प्रसंग आहेत, हे जाणून मग हात घालावा.

‘स्पिरिटफेअरर’ (२०२०) मध्ये मरण आधीच झालेले असते. नावेवर आलेल्या आत्म्यांना जेवू घालायचे, मिठी मारायची आणि तयार झाले की शेवटच्या दारापाशी सोडायचे. म्हातारी ॲलिस हळूहळू आपल्याला भलत्याच नावाने हाक मारू लागते. खवय्या अतुल तर निरोप न घेताच एके दिवशी नाहीसा होतो. त्यांच्या खोल्या नावेवर तशाच राहतात. खेळ मोठा आहे, मधला भाग लाकूड-लोखंड गोळा करण्यात जातो, आणि तो थोडा कंटाळाही मला शोकाशी सुसंगत वाटतो.

निवडीचे म्हणाल तर पहिला ‘ब्रदर्स’ घ्यावा; संगणकावर खेळताना कंट्रोलर नसेल तर मित्राचा मागून आणावा, कीबोर्डवर त्याची सारी गंमत जाते. जमल्यास पुढचा ‘रेड डेड’, पण त्याला संगणकात सुमारे १५० जीबी जागा आणि दोन-तीन महिन्यांच्या रात्री लागतील. ‘द वॉकिंग डेड’ वसतिगृहातल्या जुन्या लॅपटॉपवाल्यांसाठी. ‘द लास्ट ऑफ अस’चा दुसरा भाग पहिला खेळल्याखेरीज घेऊच नये, आणि घरात लहान मुले जागी असताना हा किंवा ‘रेड डेड’ लावू नये. ज्यांच्या घरी नुकतेच कोणी गेले आहे त्यांना मी ‘स्पिरिटफेअरर’च सुचवेन, तोही काही महिन्यांनी, कारण तो मध्येच बंद करून ठेवला तरी कोणी मागे लागत नाही.