लाल दिवा, न दिसणारा दिवा आणि माझा गुडघा

मुलानं दिवाळीला रेड लाइटचं पॅनल पाठवलं, म्हणजे दुखऱ्या भागावर, चेहऱ्यावर उजेड घ्यायची दिव्यांची पाटी. साडेअकरा हजार! तेवढ्यात माझं चांगलं शिलाई मशीन आलं असतं. पण तीस वर्षं पायानं मशीन चालवून उजवा गुडघा कुरकुरायला लागलाय, म्हणून त्याचा जीव तुटतो.

पॅनलला दोन बटणं आहेत. पहिलं लाल, 660 नॅनोमीटर, म्हणजे उजेडाच्या लहरीची लांबी. दाबलं की अख्खी खोली तांबडीलाल. दुसरं निअर इन्फ्रारेड, म्हणजे डोळ्यांना जवळजवळ न दिसणारा उजेड, 850 नॅनोमीटर. ते दाबलं तर नुसता पंखा घुरघुरतो, अंधारात जेमतेम लालसर ठिपके. मी लगेच कंपनीला फोन लावला, निम्मे दिवे गेलेत म्हणून. तिकडची पोरगी 'तक्रार नोंदवते' म्हणाली, ती आजतागायत नोंदवतेच आहे. शेवटी मुलगा म्हणाला, "आई, मोबाइलचा कॅमेरा समोर धर." धरला, तर स्क्रीनवर सगळे दिवे जांभळट पेटलेले! टीव्हीच्या रिमोटचंही असंच असतं म्हणे. पण दिसत नाही म्हणून डोळेही मिटत नाहीत, तेव्हा सोबतचा काळा चष्मा लावायचाच.

लाल उजेड कातडीत काही मिलिमीटरच जातो, म्हणून तो चेहऱ्याला, केसांना. न दिसणारा त्याहून खोल जातो, म्हणून सांध्यांना. 1967 च्या सुमारास बुडापेस्टच्या एंद्रे मेस्टर नावाच्या डॉक्टरनी भादरलेल्या उंदरांवर लाल लेझर टाकला, तर केस लवकर उगवले. तिथून हे सगळं सुरू झालं, असं मुलानं वाचून दाखवलं. मला उंदराचे केस काय करायचेत?

दोन महिने रोज रात्री दहा मिनिटं, वीतभर अंतरावरून. चेहऱ्यावर लाल घेतला, सुरकुत्या होत्या तिथंच आहेत. गुडघा मात्र न दिसणाऱ्या दिव्यानंतर तासभर हलका वाटतो. आता खरं सांगते, त्याच दहा मिनिटांत मी पाय लांब करून डॉक्टरांनी सांगितलेला मांडीचा व्यायामही करते. त्यामुळे गुण कुणाचा, हे मला छातीठोक सांगता येणार नाही. मध्ये आठवडाभर पॅनल बंद ठेवून नुसताच व्यायाम केला, तेव्हा फरक पडला, पण थोडाच.

मेडिकलमध्ये मिळतो तो शेकाचा लाल बल्ब डोक्यात ठेवून हे घेऊ नका. तो भाजल्यासारखा गरम, हे जेमतेम कोमट. ज्यांना शेकच हवाय त्यांनी गरम पाण्याची पिशवी घ्यावी, दोनतीनशेत भागतं. स्टँडही डुगडुगतो, मी खाली जुना पेटिकोट दुमडून ठेवलाय.

आणि शिंपीणबाईंनो, लाल दिवा चालू असताना दोऱ्याला हात लावू नका. त्या उजेडात पांढरं आणि लाल रीळ अगदी सारखं दिसतं. शेजारच्या वहिनींच्या पांढऱ्या ब्लाउजला मी लाल दोऱ्यानं हूक लावून दिले. परवा उसवून परत केले.