आईंच्या बायबलची बांधणी: सात आठवडे, आणि एकही समास न कापता

आमच्या घरातलं बायबल १९५४ सालचं. आजेसासऱ्यांनी ते आणलं, आजेसासूबाईंनी वाचलं, त्यांच्याकडून सासूबाईंकडे आलं आणि २०१८ साली सासूबाई प्रभूमध्ये झोपी गेल्या तेव्हा माझ्या हातात पडलं. मी सासूबाईंना आईच म्हणायचे, म्हणून पुढेही आईच लिहिते. या वर्षी ते बायबल मी पुन्हा बांधून घेतलं. असंच एखादं थकलेलं, नाडीनं बांधून ठेवलेलं पवित्र शास्त्र पुष्कळांच्या कपाटात असेल, म्हणून काय केलं, कसं झालं ते सविस्तर सांगते. बांधणाऱ्या काकांचं नाव मात्र देत नाही. ते एकटेच काम करतात आणि हातातलं संपेपर्यंत नवीन काम नको, असं त्यांनीच बजावलं आहे.

आधी बायबलची अवस्था सांगते. पुठ्ठा कण्यापासून सुटून नुसता लोंबत होता. उत्पत्तीची पहिली काही पानं आणि प्रकटीकरणाची शेवटची पानं सुटी झाली होती. स्तोत्रसंहितेत तर ते दोन तुकड्यांत दुभंगलं होतं, कारण तीन पिढ्या ते तिथेच सर्वांत जास्त उघडलं गेलं. कधीतरी मीच फाटलेल्या पानांवर चिकटपट्टी लावली होती. ती तपकिरी पडून कडक झाली होती आणि तिच्याखालची अक्षरं तेलकट डागासारखी दिसत होती. बायबलला चिकटपट्टी कधीही लावू नका. कागद इतका पातळ असतो की पट्टी निघताना अक्षरं घेऊनच निघते.

पहिल्यांदा मी एका मोठ्या बायंडिंगच्या दुकानात गेले. तिथल्या माणसानं बायबल उभं धरलं, अंगठ्यानं कडा फर्रकन सोडल्या आणि म्हणाला, "दोन दिवसांत देतो. मागून कण्याची बाजू कापू, गरम गोंद भरू, मग तिन्ही बाजू मशीनवर छाटू. नव्यासारखं दिसेल." छाटणार किती, विचारलं तर म्हणाला, पाव इंच, फार तर थोडं जास्त.

मी तिथेच रूथचं पुस्तक उघडलं. पहिल्या अध्यायात रूथ आपल्या सासूला, नामीला, सांगते ना, तुझे लोक ते माझे लोक, तुझा देव तो माझा देव, त्या ओळीच्या शेजारी समासात आईंच्या अक्षरात १९८९ मधली एक तारीख आहे आणि दोन शब्द आहेत: 'सून आली.' माझ्या लग्नानंतरचा दुसरा दिवस. हे दोन शब्द पानाच्या अगदी कडेला आहेत, इतके की 'आली'मधली वेलांटी कागदाच्या बाहेर जाईल असं वाटतं. पाव इंच छाटलं असतं तर मी त्या घरात आल्याचीच नोंद कचऱ्याच्या डब्यात गेली असती. बायबल पिशवीत घातलं आणि घरी आले.

काकांचा पत्ता आमच्या चर्चच्या मंडळीतल्या एका निवृत्त शिक्षिकेनं दिला. त्यांची खोली लहान, खिडकीशी एक टेबल, त्यावर दाबयंत्र, खळीचं भांडं, दोऱ्याची रिळं. काका हात धुऊन, पुसून आले, बायबल टेबलावर आडवं ठेवलं आणि पानं न उलटता आधी मला विचारलं, "ताई, यातलं नक्की काय वाचवायचंय?"

मला वाटतं, चांगला कारागीर या एका प्रश्नावरून ओळखावा. वचन तर दुकानात नवं मिळतं. सहासष्ट पुस्तकं, तीच, आणि डोळ्यांना बरं पडेल अशा मोठ्या अक्षरांत. मला वाचवायचे होते समास. मी त्यांना एकेक पान दाखवत गेले. तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात पौल त्याला त्याच्या आजीच्या, लोईसच्या, आणि आईच्या, युनीकेच्या विश्वासाची आठवण करून देतो, तिथे आजेसासूबाईंनी निळ्या शाईनं 'लोईस' अधोरेखित केलंय आणि कितीतरी वर्षांनी आईंनी तांबड्या बॉलपेननं 'युनीके'. दोघींनी एकमेकींना हे सांगितलं होतं की नाही, देव जाणे.

आणि योहानाच्या अकराव्या अध्यायात, 'येशू रडला' या एवढ्याशा वचनाशेजारी नुसतं एक साल आहे, १९७४. त्या वर्षी आईंचा मधला मुलगा, माझे दीर, अकरा वर्षांचे असताना गेले. आई त्यांच्याबद्दल फारसं बोलत नसत. बोलत त्या पंडिता रमाबाईंबद्दल. रमाबाईंची मनोरमा, त्यांची एकुलती एक मुलगी, १९२१ साली गेली. रमाबाई तेव्हा सबंध बायबलचं मराठी भाषांतर करत होत्या. मुलीच्या पाठीमागे त्यांनी ते काम पुरं केलं आणि एप्रिल १९२२ मध्ये स्वतः गेल्या. छापील बायबल १९२४ मध्ये रमाबाईंच्याच मुक्ति मिशनमधून बाहेर पडलं, तेव्हा ते बघायला मायलेकी दोघीही नव्हत्या. हे सांगून झालं की आई म्हणत, "तिनं काम सोडलं नाही." एवढंच म्हणत आणि पुढच्या कामाला लागत. त्या १९७४ च्या आकड्यावर काकांनी बोट टेकवलं नाही, वरच्यावर धरलं आणि म्हणाले, "समजलं. छाटायचं नाही."

आता कामाबद्दल. जुनं बायबल जुज बांधणीचं होतं, म्हणजे पानांच्या घड्या घालून एकेक जुज कण्याजवळ दोऱ्यानं शिवलेली. अशा पुस्तकाचा फायदा असा की ते पुन्हा उसवता आणि शिवता येतं. एकदा का कणा कापून गोंद भरला की घडी गेली, पुढच्या वेळी दुरुस्तीला जागाच उरत नाही. काकांनी कण्यावर खळीचा ओला थर दिला, जुना सरस मऊ होऊ दिला आणि तो लाकडाच्या बोथट पट्टीनं खरवडून काढला. मग एकेक जुज सुटी केली. ज्या घड्या फाटल्या होत्या त्यांना पाठीमागून अगदी झिरझिरीत टिश्यू कागदाची पट्टी लावली, तीही खळीनंच. खळ का, तर ती पुढे कधी पाण्यानं सुटते. "माझ्यानंतर कुणालातरी हे पुन्हा उघडावं लागेल," काका म्हणाले.

शाईची परीक्षा त्यांनी माझ्यासमोरच केली. ओलसर कापसाचा बोळा 'लोईस'खालच्या रेघेच्या अगदी टोकाला टेकवला. बोळा निळा झाला. आजेसासूबाईंचा फाउंटन पेन, धुऊन जाणारी शाई. त्यामुळे त्या पानांना ओलावा लावायचा नाही असं ठरलं आणि त्यांनी तशी पानं मोजून वहीत लिहून घेतली. एकशे बारा निघाली. बॉलपेनच्या नोंदींना काही झालं नाही. पेन्सिलीच्या तर सर्वांत पक्क्या. मला हे नवीन होतं. पेन्सिल म्हणजे तात्पुरतं, अशीच आपली समजूत असते.

तीन आठवड्यांचा वायदा होता, सात लागले. ही तक्रार मी करणारच, कारण चौथ्या आठवड्यानंतर विचारायला गेले तर काकांनी नुसती मान हलवली, कारण सांगितलं नाही. नंतर कळलं की चिकटपट्टी काढायलाच दहा दिवस गेले. तेव्हाच सांगितलं असतं तर माझा जीव टांगणीला लागला नसता. ज्यांना बाप्तिस्म्यासाठी किंवा लग्नासाठी ठराविक तारखेला बायबल हवं असेल त्यांनी तीन महिने आधी द्यावं.

त्या सात आठवड्यांत संध्याकाळची प्रार्थना आम्ही फोनवरून केली. त्याबद्दल वाईट बोलणार नाही. मुलगी नोकरीनिमित्त दूर असते, ती रोज रात्री तिच्या फोनवर तोच अध्याय उघडून आमच्याबरोबर वाचते, तिचा आवाज घरात येतो, हे फोनमुळेच. पण यजमानांची फार पंचाईत झाली. त्यांना स्तोत्र तेविसावं पाठ आहे, एकशे एकविसावंही, तरी ते वाचताना बोटानं पान धरतात. लहानपणी आईंच्या मांडीवर बसून वाचायची सवय, आई त्यांचं बोट धरून ओळीवरून फिरवायच्या. फोनवर बोट टेकवलं की पान सरकून भलतीकडे जायचं. तिसऱ्या दिवसापासून ते डोळे मिटूनच म्हणायला लागले.

बायबल परत आलं तेव्हा आधी मी रूथ उघडलं. 'सून आली' जागच्या जागी, वेलांटीसकट. मग योहान, मग तीमथ्य. एकही नोंद गेलेली नाही. तिन्ही कडा जुन्याच, जरा वेड्यावाकड्या, बोटांनी काळपटलेल्या. स्तोत्रसंहितेतली दुभंग इतकी सफाईनं जोडली आहे की एकशे एकोणिसाव्या स्तोत्राची एकशे शहात्तर वचनं आता एका दमात, पान न निसटता वाचता येतात. कव्हर गडद तपकिरी कापडाचं. चामड्याचा आग्रह मी धरला होता, काकांनी नको म्हटलं आणि त्यांचं बरोबर होतं. हाताला हलकं लागतं.

उणिवाही आहेत. पहिली दहा-बारा पानं सपाट पसरत नाहीत, सृष्टीची उत्पत्ती वाचायची तर एका हातानं पान दाबून धरावं लागतं. आतून लावलेली कापडी पट्टी थोडी रुंद झाली आहे. कव्हरवरची सोनेरी अक्षरं किंचित तिरकी बसलीत. चिकटपट्टीचे डाग फिके झाले, गेले नाहीत. पण ती चूक माझी. काकांनी शेवटी चार कोरी पानं जोडली आहेत, न सांगता. ती मधे का नाही जोडली, विचारलं. म्हणाले, मधे जाडी वाढली की कणा पुन्हा तिथेच फुटेल.

मधे का, ते सांगायला हवं. जुना करार मलाखीपाशी संपतो, आणि त्याचं अगदी शेवटचं वचन वडिलांची मनं मुलांकडे आणि मुलांची मनं वडिलांकडे फिरवण्याबद्दल आहे. पान उलटलं की 'नवा करार' एवढंच छापलेलं पान. त्याची मागची बाजू कोरी होती, तिच्यावर आजेसासूबाईंनी आमच्या घराची नोंद सुरू केली: जन्म, बाप्तिस्मा, लग्न, मृत्यू. आणि तिच्या समोरच्या पानावर मत्तयाची वंशावळ सुरू होते, अब्राहामापासून. आमची नावं मलाखीचं ते वचन आणि ती वंशावळ यांच्या मधे बसली आहेत. पंचेचाळीस वर्षं आईंच्या हाताखाली असलेलं ते पान मी कितीदा पाहिलं असेल, पण जुज सुटी होऊन टेबलावर पसरलेली असताना पहिल्यांदा ही जागा डोळ्यांत भरली. मत्तय त्या यादीत तामार, राहाब, रूथ, उरियाची बायको अशा बायका घेतो. आमच्या यादीतही प्रत्येक सुनेचं नाव आहे, माहेरच्या आडनावासकट. आजेसासूबाईंनी तसं सुरू केलं, आईंनी मोडलं नाही.

ज्या दिवशी बायबल घरी आलं त्या संध्याकाळी मुलगी फोनवर होती. "ते पान दाखव ना," म्हणाली. मी फोन पानावर धरला. ती तिचं नाव शोधत होती, १९९२, आईंचं अक्षर, तिच्या जन्माची आणि बाप्तिस्म्याची तारीख. ते सापडलं आणि मग ती एकदम म्हणाली, "आजीचं कुठाय?"

आईंचा जन्म आहे. लग्न आहे, १९६१. पुढची जागा कोरी होती. आमच्यापैकी कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. लिहायच्या त्या त्याच. २०१८ पासून नोंद लिहिणारं कुणी नव्हतं.

यजमान उठले, आतून पेन्सिल आणली, तिला टोक केलं. चष्मा लावून ओळीवर बोट टेकवलं आणि आपल्या आईच्या नावापुढे तारीख लिहिली. मग मला म्हणाले, "बघ गं, सरळ आलंय का?"