स्पेस शूटर गेमचा बीटा खेळून बघितला, प्लाझ्मा रायफल एक नंबर!
काल रात्री बीटाची, म्हणजे रिलीजआधीच्या टेस्ट व्हर्जनची, की (खेळायला लागणारा कोड) मिळाली आणि सलग चार तास खेळलो, मधे उठावंसंच वाटलं नाही. सगळ्यात भारी काय तर प्लाझ्मा रायफल, ट्रिगर दाबून धरला की नळीतला निळा उजेड वाढत जातो, आवाज चढत जातो आणि जरा जास्त वेळ धरलं की गन तापून बंदच पडते, मग समोर दोन रोबो नि हातात काहीच नाही, तेव्हा जी पळापळ होते ना, खरी मजा तीच. शील्ड, म्हणजे आपलं संरक्षक कवच, २००१ च्या हेलो गेमसारखी, आडोशाला थांबलं की परत भरते, हत्यारं पण तशीच, एका वेळी दोनच, त्यामुळे कुठलं टाकायचं याचा खरंच विचार करावा लागतो. मॅप ठीक.

पण मोठे स्फोट झाले की फ्रेमरेट (सेकंदाला किती चित्रं दिसतात ते) ६० वरून ३० च्या आसपास येतो, म्हणजे एका फ्रेमला साधारण १७ ऐवजी ३३ मिलिसेकंद, नेम बरोबर धरलेला असतो नि गोळी भलतीकडेच. फार चिडचिड झाली. सर्व्हरने दोनदा बाहेर फेकलं, ते बीटात चालायचंच. फ्रेमरेटचं मात्र रिलीजच्या आधी बघाच राव, आणि त्या रायफलला प्लीज हात लावू नका.