अमेलुझ जेल: तालुक्याच्या दवाखान्यात चालेल, पण तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्याने आलेल्या चट्ट्यावर नको

उन्हाने रापलेल्या कातडीवर येणारे खरखरीत चट्टे, म्हणजे ॲक्टिनिक केराटोसिस, पुढे कर्करोगाकडे झुकू शकतात. त्यांच्यासाठीच्या या जेलला युरोपात २०११ साली आणि अमेरिकेत २०१६ साली मान्यता मिळाली. यातलं अमिनोलेव्हुलिनिक ॲसिड पाण्यात विरघळतं, त्यामुळे कातडीच्या वरच्या थरातून ते सहज उतरत नाही. नॅनोइमल्शनचे सूक्ष्म स्निग्ध थेंब ते आत पोचवतात आणि टिकवूनही ठेवतात. पेशी त्यापासून प्रोटोपॉर्फिरिन हे उजेडाने चेतणारं द्रव्य बनवते. त्यावर लाल प्रकाश पडला की ऑक्सिजन विध्वंसक होतो आणि पेशी मरते. जेलची ही बाजू चोख आहे.

गडबड होते ती लावताना. खपल्या रक्त न काढता खरवडाव्यात, स्पिरिटने पुसावं, मग १ मिलिमीटर जाड थर द्यावा. २ ग्रॅमची ट्यूब २० चौरस सेंटिमीटरलाच पुरते. ताणून लावली तर औषध कमी पडतं. १० मिनिटं वाळू द्यावं, उजेड न शिरणाऱ्या पट्टीने ३ तास झाकावं, उरलेलं पुसून ६३५ नॅनोमीटरचा लाल दिवा लावावा. संरक्षक चष्मे रुग्ण आणि उपचार करणारा, दोघांनाही हवेत.

प्रकाशाची मात्रा ३७ ज्यूल प्रति चौरस सेंटिमीटर. चांगला दिवा ती १० मिनिटांत देतो, म्हणजे कातडीवर सुमारे ६२ मिलिवॅट प्रति चौरस सेंटिमीटर. दिवा घेताना हाच आकडा विचारा, खोक्यावरचे वॅट नव्हे. निम्म्या ताकदीच्या दिव्याला २० मिनिटं लागतात आणि तेवढा वेळ आग सोसणं अवघड. पंख्याचा वारा बराच कामी येतो. मध्येच वीज गेली तर मात्रा अर्धवट राहते, म्हणून इन्व्हर्टर आधी. जेलला फ्रिज लागतोच, २ ते ८ अंश.

आपल्याकडची खरी अडचण ऊन. पुढचे ४८ तास ती जागा झाकलेली हवी. सनस्क्रीन भरवशाचं नाही, कारण प्रोटोपॉर्फिरिन साध्या उजेडानेही चेततं. कापूस वेचणीच्या दिवसांत शेतमजुराला या उपचाराची तारीख देऊच नये. शिवाय जेलमध्ये सोयाबीनपासूनचं लेसिथिन असतं, तेव्हा सोयाबीनची ॲलर्जी आहे का, हे विचारायलाच हवं.

खर्ऱ्यामुळे तोंडात आलेल्या पांढऱ्या चट्ट्यावर हे लावू नका. लाळेत थर टिकत नाही आणि माहितीपत्रकच तोंड, नाकपुड्या, डोळ्यांपासून १ सेंटिमीटर लांब ठेवायला सांगतं. असा चट्टा २ आठवड्यांत गेला नाही, तर नागपूरच्या शासकीय दंत महाविद्यालयात पाठवून आधी बायोप्सी, म्हणजे तुकडा काढून तपासणी, करून घ्या.