स्प्रिंगमध्ये फील्ड इंजेक्शन की कन्स्ट्रक्टर इंजेक्शन?

स्प्रिंग हे जावाचं फ्रेमवर्क. क्लासला लागणारे दुसरे ऑब्जेक्ट, म्हणजे त्याच्या डिपेन्डन्सी, ते बाहेरून पुरवतं; यालाच इंजेक्शन म्हणतात. ते थेट फील्डमध्ये करता येतं किंवा कन्स्ट्रक्टरमधून. दोन्हींवर भरपूर काम केलंय, त्यामुळे कशालाच सरसकट नावं ठेवणार नाही. फील्डवर 'ऑटोवायर्ड' ही खूण (अ‍ॅनोटेशन) लावली की विषय संपला. क्लास आटोपशीर दिसतो. कन्स्ट्रक्टरला तीच डिपेन्डन्सी फील्ड, पॅरामीटर, असाइनमेंट अशी तीनदा लिहावी लागते. पण लोम्बॉक (असा साचेबद्ध कोड आपोआप बनवणारी लायब्ररी) वापरत असाल तर हा जाच जवळजवळ उरत नाही, आणि स्प्रिंग ४.३ पासून क्लासला एकच कन्स्ट्रक्टर असेल तर त्यावर ऑटोवायर्डचीही गरज नाही.

माझा कौल ठरला तो टेस्टमुळे. समजा, ऑर्डरसर्व्हिसमध्ये कुणी डिस्काउंटसर्व्हिस हे नवीन फील्ड घातलं. जुन्या टेस्टमध्ये तिचा मॉक, म्हणजे टेस्टपुरता नकली ऑब्जेक्ट, नाही. तरी कोड कंपाइल होतो, टेस्टही सुरू होते. मॉकिटो या मॉक बनवणाऱ्या लायब्ररीचं 'इंजेक्टमॉक्स' हाताशी असलेले मॉक भरतं आणि राहिलेल्याबद्दल चकार शब्द काढत नाही. मग नलपॉइंटरएक्सेप्शन (रिकाम्या, म्हणजे 'नल' राहिलेल्या फील्डवर मेथड बोलावल्याची एरर) येतं ते पार आत, बिलाची बेरीज करणाऱ्या मेथडमध्ये. ज्याने ते फील्ड पाहिलेलंच नाही, तो बेरजेचं लॉजिक तपासत बसतो. आमच्या टीममध्ये हे इतक्यांदा झालं की मला त्याची अक्षरशः चीड यायला लागली.

कन्स्ट्रक्टर असेल आणि टेस्टमध्ये ऑब्जेक्ट स्वतः 'न्यू' करून बनवला असेल, तर कंपायलर नेमक्या त्या ओळीवर अडवतो. मात्र इंजेक्टमॉक्स सोडायला हवं. न सापडलेल्या आर्ग्युमेंटच्या जागी ते कन्स्ट्रक्टरलाही नलच देतं.

सर्क्युलर डिपेन्डन्सीचं म्हणाल, तर 'अ'ला 'ब' हवा आणि 'ब'ला 'अ', हा गुंता फील्ड इंजेक्शनमध्ये पूर्वी बिनबोभाट खपून जायचा. कन्स्ट्रक्टरमध्ये अ‍ॅप सुरूच होत नाही. २०२१ मध्ये स्प्रिंग बूट २.६ने असे गुंते मुळातच बंद केले; चालवायचेच तर सेटिंग बदलावं लागतं. त्यामुळे इथला फरक आता कमी झालाय.

जुना, मोठा कोडबेस असेल आणि टेस्ट तुटपुंज्या असतील, तर केवळ यासाठी सगळं उलथापालथ करा असं मी म्हणणार नाही. नवीन क्लास मात्र मी कन्स्ट्रक्टरनेच लिहितो, फील्ड 'फायनल' ठेवून. पॅरामीटर आठ-नऊ झाले की रिव्ह्यूमध्ये कुणीतरी हटकतंच, आणि बहुतेक वेळा तो क्लास खरोखरच फोडायला झालेला असतो.