एपी यूएस हिस्टरीची शिकवणी : तीन प्रयत्न आणि नऊ महिन्यांचा अनुभव

आमची मुलगी न्यू जर्सीतील सरकारी शाळेत अकरावीला असताना तिने एपी यूएस हिस्टरी, म्हणजे मुलांच्या भाषेत ‘एपुश’, हा अमेरिकेच्या इतिहासाचा विषय घेतला. एपी, म्हणजे अ‍ॅडव्हान्स्ड प्लेसमेंट, हे शाळेतच शिकवले जाणारे कॉलेजच्या पातळीचे विषय असतात आणि त्यांची परीक्षा कॉलेज बोर्ड ही संस्था घेते. सप्टेंबरपासून मे महिन्यातील परीक्षेपर्यंत आम्ही तिला तीन शिकवण्या लावल्या. त्यांपैकी पहिल्या दोन फुकट गेल्या आणि तिसरी उपयोगी पडली. इथल्या मराठी पालकांना गणिताची आणि एसएटी या कॉलेज-प्रवेशाच्या परीक्षेची शिकवणी कुठे लावावी हे तोंडपाठ असते, पण इतिहासाचा विषय निघाला की ‘त्याला कसली शिकवणी, पाठांतर तर आहे’ असे म्हणून तो संपवला जातो. सुरुवातीला माझेही मत तेच होते, म्हणून हा अनुभव थोडा सविस्तर लिहीत आहे.

ही परीक्षा नेमके काय मागते हे मला स्वतःला नोव्हेंबरपर्यंत कळले नव्हते, हे आधी कबूल करतो. माझी शाळा साताऱ्याची. आमच्या वेळी इतिहास म्हणजे ‘कारणे द्या’ आणि ‘टिपा लिहा’. उत्तरात पाच मुद्दे यावेत, सनावळ्या बरोबर असाव्यात आणि महत्त्वाच्या शब्दांखाली पट्टीने रेघ असावी, की गुण मिळत. एपीची परीक्षा सव्वातीन तासांची असते. पहिल्या ५५ मिनिटांत ५५ बहुपर्यायी प्रश्न सोडवायचे असतात आणि त्यांना ४० टक्के भार असतो. तेही ‘अमुक लढाई कोणत्या साली झाली’ अशा धर्तीचे नसतात, तर एखादा उतारा, नकाशा किंवा व्यंगचित्र देऊन त्यावर तीन-चार प्रश्न विचारलेले असतात. मग ४० मिनिटांत तीन लघुत्तरी प्रश्न, २० टक्क्यांचे. उरलेले ४० टक्के दोन निबंधांना असतात. त्यांतला मोठा, ज्याला सगळे ‘डीबीक्यू’ (डॉक्युमेंट-बेस्ड क्वेश्चन) म्हणतात, एकटाच २५ टक्क्यांचा असतो. त्यात सात कागदपत्रे समोर ठेवली जातात आणि तासाभरात ती वाचून, त्यांच्या आधारे स्वतःचे म्हणणे सिद्ध करायचे असते. दुसरा निबंध, ‘एलईक्यू’ (लाँग एसे क्वेश्चन), कागदपत्रांविना ४० मिनिटांत लिहायचा असतो. म्हणजे ६० टक्के गुण लिहिण्यावर आहेत, आणि मी मात्र पाठांतर करून घेणारा शिक्षक शोधत होतो.

पहिली शिकवणी आमच्या भागातील शनिवारच्या क्लासची होती. वर्गात चौदा मुले, प्रत्येकाला पिन मारलेल्या नोट्स, आणि दर आठवड्याला बहुपर्यायी प्रश्नांचा एक संच. सहा शनिवारांत मुलीने दोन डीबीक्यू लिहिले. दोन्ही ‘५/७’ असा शेरा घेऊन परत आले. गेलेले दोन गुण कशात गेले याबद्दल एक शब्दही लिहिलेला नव्हता. पुढे लक्षात आले की त्या नोट्समध्ये पुराव्याच्या पूर्ण गुणांसाठी सहा कागदपत्रे वापरावी लागतात असे छापलेले होते. हा नियम २०२३-२४ या शैक्षणिक वर्षापासून बदलला असून आता आपल्या मुद्द्याच्या समर्थनार्थ चार कागदपत्रे नीट वापरली तरी ते गुण मिळतात. मुलगी बिचारी सहाव्या कागदपत्राच्या मागे धावण्यात दहा मिनिटे घालवत होती.

दुसरे शिक्षक एका एजन्सीमार्फत मिळाले. इतिहासात डॉक्टरेट केलेले गृहस्थ होते, तासाला १२० डॉलर घेत, आणि बोलत तर इतके सुंदर की मी स्वयंपाकघरात भांडी आवरता आवरता कान देऊन ऐकत असे. यादवी युद्धानंतरच्या पुनर्रचनेच्या काळावर ते सलग तासभर बोलले : मुक्त झालेल्या गुलामांना नागरिकत्व देणारी १८६८ ची चौदावी घटनादुरुस्ती, वंशावरून मताधिकार नाकारण्यास बंदी घालणारी १८७० ची पंधरावी, आणि १८७७ मध्ये दक्षिणेतून केंद्राचे सैन्य मागे घेतल्यावर त्या घटनादुरुस्त्यांचे काय झाले. माझे अमेरिकेच्या इतिहासाचे ज्ञान त्या पाच तासांत निश्चित वाढले. मुलीने मात्र पाच तासांत एक परिच्छेदही लिहिला नाही. निबंध तपासून द्याल का, असे विचारल्यावर त्यांनी सांगितले की आधी इतिहास समजू द्या, लिहिणे आपोआप येईल. शिक्षणाविषयीचे मत म्हणून मला ते आजही चुकीचे वाटत नाही, पण आमची परीक्षा मे महिन्यात होती. एजन्सीने दहा तासांचे पैसे आगाऊ घेतले होते आणि न वापरलेल्या पाच तासांचे परत दिले नाहीत. ही तक्रार त्या गृहस्थांविषयी नाही, एजन्सीविषयी आहे.

डिसेंबरमध्ये ऑफिसमधील एका सहकाऱ्याच्या ओळखीने तिसऱ्या बाई मिळाल्या. सरकारी शाळेत हा विषय अनेक वर्षे शिकवून निवृत्त झालेल्या, आणि जून महिन्यात देशभरातील शिक्षक एपीच्या उत्तरपत्रिका तपासतात त्या कामात काही वर्षे सहभागी झालेल्या. तोवर मी शहाणा झालो होतो. पहिल्याच फोनवर मी मुद्दाम म्हणालो की डीबीक्यूला सहा कागदपत्रे लागतात ना. बाईंनी शांतपणे दुरुस्ती केली आणि उलट मलाच विचारले की मुलीने लिहिलेले दोन निबंध पाठवता येतील का; ते वाचल्याशिवाय वेळ देणार नाही. आठवड्यातून एक तास, ९० डॉलर, आणि त्यातच दर आठवड्याला एक लेखन तपासून मिळेल असे ठरले.

पहिल्या तासाला मी शेजारच्या खोलीत होतो. जुन्या प्रश्नपत्रिकेतील प्रश्न होता : १८९० ते १९२० या काळात पुरोगामी चळवळीमुळे अमेरिकेत राजकीय बदल कितपत घडून आला? मुलीच्या निबंधाचे पहिले वाक्य असे होते की पुरोगामी चळवळीमुळे अमेरिकेत अनेक महत्त्वाचे राजकीय बदल झाले. बाईंनी ते वाक्य मोठ्याने वाचायला लावले आणि विचारले, “याच्याशी असहमत होणारा एक तरी माणूस मला दाखवशील?” मुलगी गप्प. प्रश्नातलेच शब्द उलटसुलट करून परत लिहिले तर प्रतिपादनाचा (थीसिसचा) गुण मिळत नाही, हे त्यांनी सांगितले, आणि पुढची चाळीस मिनिटे फक्त त्या एका वाक्यावर गेली. शेवटी तयार झालेले वाक्य असे : १९१३ च्या सतराव्या घटनादुरुस्तीने सिनेटरांची थेट निवडणूक आणि १९२० च्या एकोणिसाव्या घटनादुरुस्तीने स्त्रियांचा मताधिकार आला, त्यामुळे मतदारांचे बळ वाढले, तरी दक्षिणेतील कृष्णवर्णीयांना मतदान कर आणि साक्षरता चाचण्या लावून मतपेटीपासून दूरच ठेवले गेले, म्हणून हा बदल मोठा असला तरी ठरावीक लोकांपुरताच होता. या एका वाक्यात निबंधाचे तिन्ही परिच्छेद आधीच ठरून गेले आहेत, हे माझ्याही लक्षात आले. एका वाक्यावर ९० डॉलरच्या तासातील चाळीस मिनिटे खर्च होताना पोटात कालवले, हेही खरे.

कागदपत्र कोणी, कोणासाठी आणि का लिहिले याचा निबंधात उपयोग करून घेणे, हा डीबीक्यूतील आणखी एक गुण, आणि इथे बहुतेक मुले ‘हा लेखक पक्षपाती आहे’ एवढे लिहून पुढे जातात. बाईंनी गुलामगिरीतून निसटून तिच्याविरुद्ध लढणारे कृष्णवर्णीय वक्ते फ्रेडरिक डग्लस यांचे ५ जुलै १८५२ चे भाषण पुढे ठेवले. ते रॉचेस्टर येथे गुलामगिरीविरोधी स्त्रियांच्या संस्थेसमोर झाले होते. श्रोते आधीच त्यांच्या बाजूचे होते, मग डग्लस इतके कडवट का बोलतात? गुलामांच्या मालकांना बदलण्यासाठी हे भाषण नाही. सहानुभूती बाळगून स्वस्थ बसलेल्यांना हलवण्यासाठी आहे, हे उत्तर मुलीने स्वतः शोधले. ‘पक्षपाती’ हा शब्द बाईंनी मेपर्यंत बंद करून टाकला.

त्यांची सर्वांत उपयोगी सवय फुकटातील होती. कॉलेज बोर्ड जुने निबंधप्रश्न आणि त्यांवर विद्यार्थ्यांनी लिहिलेली नमुना उत्तरे, दिलेल्या गुणांच्या स्पष्टीकरणासह, संकेतस्थळावर ठेवते. मुलीने आधी स्वतः ती उत्तरे तपासायची, गुण द्यायचे आणि मगच अधिकृत गुण पाहायचे, असा शिरस्ता बाईंनी लावला. सुरुवातीला ती उदारपणे गुण वाटत असे. फेब्रुवारीपर्यंत तिचे आणि परीक्षकांचे गुण बहुतेक वेळा जुळू लागले, आणि तिच्या स्वतःच्या लिखाणात त्याच सुमारास फरक दिसला. माझ्या मते या नऊ महिन्यांतील खरी शिकवणी हीच. मजकुराची माहिती तिने शाळेतून आणि कॉलेज बोर्डाच्या एपी क्लासरूम या संकेतस्थळावरील मोफत व्हिडिओंतून घेतली. त्यासाठी तासाला एक डॉलरही देण्याची गरज नव्हती. परीक्षा २०२५ पासून पूर्णपणे ब्लूबुक या अ‍ॅपवर होत असल्याने जानेवारीनंतर सगळे निबंध टंकूनच लिहायचे, हेही बाईंनी ठरवून दिले.

एक प्रसंग थोडा विषयांतराचा वाटेल. पुनर्रचनेवरचा एलईक्यू लिहायचा होता त्या आठवड्यात साताऱ्याहून आजोबांचा फोन आला. नात काय शिकते ते ऐकून त्यांनी सांगितले की जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अमेरिकेतील गुलामांना मुक्त करण्यासाठी झटणाऱ्या तिथल्या सदाचारी लोकांना अर्पण केले होते. मुलगी हरखून गेली आणि तिने ती गोष्ट निबंधाच्या शेवटी चिकटवून टाकली. बाईंनी समासात लिहिले की नुसती जोडल्यास याला गुण नाही, मुद्द्यात गुंफल्यास मिळू शकतो. दुसऱ्या खर्ड्यात तिने लिहिले की ज्या मुक्तीचे कौतुक १८७३ मध्ये पुण्यातील एक समाजसुधारक करत होता, तिच्यापासून उत्तरेकडील राज्ये त्याच वर्षांत मागे सरू लागली होती. बाईंनी या वाक्यापुढे काही लिहिले नाही, फक्त बरोबरची खूण केली. आजोबांना त्या पानाचा फोटो पाठवला आहे.

तक्रारीही आहेत. मार्चमध्ये त्यांच्याकडे इतके विद्यार्थी झाले की निबंध दहा-दहा दिवस परत येत नव्हते, आणि तोवर काय लिहिले होते हे मुलगीच विसरून गेलेली असे. दोन तास ऐन वेळी रद्द झाले. तयार नोट्स त्या देत नाहीत, ध्वनिमुद्रण करू देत नाहीत. अभ्यासक्रमाच्या नऊ कालखंडांपैकी पहिला (१४९१ ते १६०७) आणि शेवटचा (१९८० नंतरचा) यांना परीक्षेत प्रत्येकी ४ ते ६ टक्केच भार आहे, म्हणून ते त्यांनी जवळजवळ वगळले. हिशोब म्हणून ते बरोबर आहे, पण बहुपर्यायी प्रश्नांत त्यांतले उतारे आल्यावर मुलगी अडखळली. बहुपर्यायी भागाकडे त्यांचे एकंदरच कमी लक्ष होते. ५५ मिनिटांत ५५ उताराधारित प्रश्न ही वाचनाच्या वेगाची परीक्षा आहे आणि तिची तयारी आम्ही घरीच, रविवारी सकाळी घड्याळ लावून, करून घेतली.

जुलैत निकाल आला : पाचपैकी चार. पाचाची आशा होती, नाही असे नाही. निकालात एकच आकडा मिळतो, त्यामुळे कुठे कमी पडले ते कळत नाही. माझा संशय बहुपर्यायी भागावर आहे, मुलीचा माझ्यावर, कारण परीक्षेच्या आदल्या रात्री मी तिला सनावळ्या विचारत बसलो होतो.

ज्या मुलांना शाळेतील शिक्षक निबंध नीट तपासून देतात त्यांनी या खर्चात पडू नये. ज्यांना शाळेतून नुसता आकडा परत मिळतो, त्यांच्या पालकांनी शिक्षकाची पदवी विचारण्याऐवजी त्यांनी तपासलेला एखादा निबंध, नाव झाकून, पाहायला मागावा. समासात वाक्ये लिहिलेली असतील तर पुढे बोलावे. आमच्या बाई पुढच्या वर्षीचे विद्यार्थी जूनमध्येच ठरवतात आणि डिसेंबरमध्ये आम्हाला मिळालेली जागा एका मुलाने विषय सोडल्यामुळे रिकामी झाली होती, तेव्हा दिवाळीनंतर शोध सुरू करणाऱ्यांना अशी माणसे सहसा मिळत नाहीत.