स्टेरॉइडच्या पंपाला जोडायचा स्पेसर : भजन म्हणणाऱ्या बाईचा अनुभव

दम्याच्या पंपाबद्दल सगळे बोलतात, पण त्याला जोडायच्या प्लॅस्टिकच्या नळीबद्दल कुणीच बोलत नाही. म्हणून हे लिहिते आहे. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही, कारण झडप असलेला कुठलाही बरा स्पेसर हेच काम करतो.

मी कराडची. आमचं महिलांचं भजनी मंडळ आहे आणि मी पुढे बसून म्हणते. आमच्याकडे दिवाळीच्या सुमारास ऊसतोड आणि गुऱ्हाळं सुरू होतात, शेतात पाचट पेटतं. नेमके तेच काकड्याचे दिवस. पहाटेची थंडी, त्यात धूर. छातीत शिट्टी वाजायला लागते ती याच काळात. डॉक्टरांनी बुडेसोनाइड या स्टेरॉइडचा पंप दिला, २०० मायक्रोग्रॅमचा, सकाळी एक आणि रात्री एक फवारा. दम थांबला. रात्री उठून बसणं गेलं. पण काही आठवड्यांत आवाज बसला. काळी चारमध्ये सहज जाणारा गळा तार षड्जाला फाटायला लागला आणि जिभेवर पांढरे चट्टे दिसले.

डॉक्टर म्हणाले, औषध बरोबर आहे, पोचतंय चुकीच्या जागी. नुसता पंप तोंडात धरून दाबला की फवारा फार वेगानं येतो. त्यातला मोठा भाग जिभेवर आणि घशात आदळतो, फुप्फुसात जातो तो थोडाच. घशात बसलेलं स्टेरॉइड तिथल्या बुरशीला वाढू देतं, स्वरयंत्रावरही परिणाम करतं. चट्ट्यांसाठी तोंडात लावायचं औषध मिळालं आणि चिठ्ठीवर स्पेसर लिहून आला. औषधाच्या दुकानात मात्र उत्तर मिळालं, "काकू, तो लहान मुलांना लागतो, तुम्हाला कशाला?" हे साफ चूक आहे. दाबणं आणि ओढणं एका क्षणी जुळवणं मोठ्या माणसांनाही जड जातं. मी दुसऱ्या दुकानातून घेतला.

वस्तू अशी आहे : पारदर्शक नळी, एका टोकाला पंप बसवायचं रबर, दुसऱ्या टोकाला तोंडात धरायचा भाग आणि त्याच्या आत पातळ रबरी झडप. फवारा आधी नळीत उतरतो, त्याचा वेग कमी होतो, जाड थेंब नळीतच चिकटतात आणि बारीक कण आपण सावकाश ओढून घेतो. काही दिवसांनी नळीच्या आत जो पांढरट थर दिसतो, तो पूर्वी माझ्या घशात बसत होता. हे डोळ्यांनी बघितलं की स्पेसर कशासाठी, हे वेगळं सांगावं लागत नाही.

वापरताना पंपाचं टोपण काढून तो चांगला हलवते, जोडते, श्वास पूर्ण सोडते, ओठ घट्ट मिटून एकच फवारा देते आणि लगेच हळूहळू, खोल ओढते. मग मनात दहा मोजेपर्यंत श्वास धरायचा. दोन फवारे लिहून दिले असतील तर दोन्ही एकदम नळीत सोडायचे नाहीत. एक झाला की अर्धा-एक मिनिट थांबायचं, पंप पुन्हा हलवायचा. माझ्या स्पेसरला शिट्टी आहे. घाईनं ओढलं की ती वाजते. मला ही सोय फार आवडली. मात्र हे फवाऱ्याच्या पंपाचं झालं. कॅप्सूल घालून ओढायच्या यंत्राला स्पेसर लागत नाही, आणि तिथं उलट जोरात ओढावं लागतं.

नंतर गुळण्या. नुसतं पाणी फिरवून चालत नाही, घशापर्यंत खळखळून थुंकायचं, गिळायचं नाही. मी पंप दात घासण्याच्या आधी घेते, म्हणजे गुळण्या आपोआप होतात.

चट्टे गेले ते परत आले नाहीत. आवाज सुटायला जास्त वेळ लागला, पण सुटला. डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं की आवाजाच्या बाबतीत स्पेसरचा गुण प्रत्येकाला येईलच असं नाही, काहींना औषध किंवा यंत्र बदलावं लागतं. तेव्हा गाणाऱ्या, शिकवणाऱ्या बायकांनी आवाज बसला म्हणून पंप टाकून देऊ नये, डॉक्टरांकडे जावं.

टाकून देणाऱ्या आमच्या मंडळातच आहेत. "स्टेरॉइड आहे, सवय लागेल," म्हणतात आणि कोजागरीला खिरीतून औषध घ्यायला जातात. त्यांना मी एकच हिशोब सांगते. माझा दिवसाचा डोस ४०० मायक्रोग्रॅम. दम उठला की जी प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडची गोळी देतात ती पुष्कळदा दिवसाला ४० मिलिग्रॅम, म्हणजे ४०,००० मायक्रोग्रॅम, आणि तीही सगळ्या अंगात फिरणारी. औषधं वेगवेगळी, त्यामुळे तोलून तुलना होत नाही, पण अंदाज येतो. पंप सोडून दरवर्षी गोळ्यांवर यायचं, यात स्टेरॉइड कुठं टळलं?

धोका अजिबात नाही, असं मी म्हणणार नाही. मोठा डोस वर्षानुवर्षं चालला तर हाडं आणि डोळे तपासत राहावे लागतात. लहान मुलांची उंची साधारण सेंटिमीटरभर कमी भरू शकते, म्हणून ती मोजत राहतात. यासाठीच दम आटोक्यात आला की दर काही महिन्यांनी डॉक्टर डोस उतरवता येतो का बघतात. उतरवायचा त्यांनी, आपण मनानं नाही. आणि हा पंप रोजचा, त्यानं लगेच धाप थांबत नाही. धाप लागल्यावर कुठला घ्यायचा हे डॉक्टरांकडून लिहून घ्या आणि पंप रंगावरून नाही, नाव वाचून ओळखा.

आता स्पेसरबद्दलच्या तक्रारी. सोबतच्या कागदावर मराठीचा एक शब्द नाही, हे मला फार खटकलं. वारीत खांद्याच्या पिशवीत तो अडचण करतो. किंमत पंपापेक्षा जास्त पडली, पण पंप संपत राहतो, हा टिकतो. धुणं सोपं आहे : कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाचा थेंब, त्यात बुडवून ठेवायचा आणि निथळत ठेवायचा. आतून फडक्यानं पुसायचा मात्र नाही. पुसल्यानं प्लॅस्टिकवर वीज साठते आणि औषध भिंतीलाच चिकटून बसतं. माझ्या जाऊबाईंनी स्वच्छता म्हणून पदरानं पुसून दिला होता, तेव्हा पुन्हा धुवावा लागला.

झडप कडक झाली, वाकडी बसली किंवा नळीला चीर गेली की नवा घ्या. घ्यायला जाताना आपला पंप बरोबर न्या आणि रबरात घट्ट बसतो का ते दुकानातच बघा. नाही बसला तर परत घेणार का, हे पाकीट फोडायच्या आधी विचारा. तोंडाला लावायची वस्तू म्हणून नंतर सहसा कुणी परत घेत नाही.